शेवटच्या खुर्चीतून वाचता येईल अशी पीपीटी

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इंजिनिअर म्हणून लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. कस्टमरचा मासिक रिव्ह्यू होता आणि साहेबांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं, “उद्याची पीपीटी तू कर.” मी एक्सेलमधला बावीस ओळींचा, नऊ रकान्यांचा तक्ता उचलला, स्लाइडवर चिकटवला, मावेना म्हणून अक्षर दहा पॉइंटवर आणलं आणि वर मथळा दिला, ‘रिजेक्शन डेटा – सप्टेंबर’. उजव्या कोपऱ्यात जागा उरली होती, तिथे हस्तांदोलन करणारी दोन सुटाबुटातली माणसं टाकली. दुसऱ्या दिवशी कस्टमरचे क्वालिटी हेड उशिरा आले आणि शेवटच्या खुर्चीत बसले. त्यांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “मॅडम, यात मी बघायचं काय?”

मला सांगता आलं नाही, कारण ते मी स्वतःही ठरवलं नव्हतं.

पुढे अशा स्लाइड ढिगाने केल्या, नव्या मुलामुलींकडून करून घेतल्या. ज्याच्या अंगावर पहिल्यांदाच पीपीटी येऊन पडली आहे, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण एकच धरते, रिजेक्शनच्या त्या स्लाइडचं. तुमचा विषय विक्रीचा असो, बँकेपुढच्या कर्जप्रकरणाचा असो की शेतकरी उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेचा, कामाची रीत हीच. आकडे मात्र सोयीसाठी रचलेले आहेत.

समजा, महिन्यात ४८,००० नग मशीनवर चढले. त्यातले १,१५२ बाद झाले, म्हणजे २.४ टक्के. कारणं अशी: कास्टिंगमधले ब्लो होल (ओतकामात हवा अडकून पडलेली भोकं) ५१८, बोअर ओव्हरसाइझ (आतलं गोल भोक मापापेक्षा मोठं) ३११, डेंट (पोचा) १३८, थ्रेड (आटे) खराब ९२, बर (कडेला उरलेली धारदार कोर) ५८, इतर ३५.

पहिली पायरी: लॅपटॉप मिटून एक वाक्य लिहा

कागद घ्या, पेन घ्या. ही स्लाइड बघून समोरच्याने काय मान्य करायचं आहे, ते एका पूर्ण वाक्यात लिहा. क्रियापद हवंच. ‘रिजेक्शन डेटा’ हे वाक्य नाही, ते फाइलवरचं लेबल आहे. ‘बाद झालेल्या दर शंभर नगांमागे ७२ दोनच दोषांमुळे गेले’ हे वाक्य आहे. (५१८ अधिक ३११ म्हणजे ८२९, १,१५२ पैकी ७२ टक्के.) हेच वाक्य स्लाइडचा मथळा होणार आणि खालचं चित्र त्याचा पुरावा. ज्या चित्राने हे वाक्य सिद्ध होत नाही ते स्लाइडवर येत नाही. हस्तांदोलनवाले तिथेच गळतात.

समोर कोण बसणार यावर वाक्य बदलतं. कस्टमरला दोष कुठला आणि थांबणार कधी, ते हवं असतं. आपल्या मालकांना पैसे कळतात. एका नगावर २१० रुपये खर्च झाला असेल, तर ‘सप्टेंबरमध्ये २ लाख ४२ हजार रुपये भंगारात गेले’ असं म्हणा, मालक खुर्चीत पुढे सरकून बसतात. शॉप फ्लोअरवरच्या सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) यातलं काहीच नको, त्याला कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, ते सांगा. डेटा एकच, पण वाक्यं तीन आणि म्हणून चित्रंही तीन. एकच स्लाइड तिघांना दाखवणारा माणूस तिघांनाही कंटाळा आणतो.

मथळा चुकला तर काय होऊ शकतं, याचा एक दाखला मी नव्या मुलांना नेहमी देते. जानेवारी २००३ मध्ये नासाच्या कोलंबिया अंतराळयानाच्या उड्डाणावेळी बाहेरच्या इंधन टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता: चाचण्यांचे आकडे बघता आपला अंदाज सावधपणाच्या बाजूचा आहे, अशा अर्थाचा. खाली बुलेट, बुलेटच्या पोटात बुलेट, आणि तळाशी बारीक अक्षरात खरी गोष्ट: चाचणीतल्या तुकड्याचं आकारमान ३ घन इंच होतं, प्रत्यक्ष आदळलेल्याचं अंदाजे १,९२० घन इंच. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात ही स्लाइड छापून, महत्त्वाची माहिती अशा मांडणीत कशी दबते, यावर बोट ठेवलं. अपघाताचं कारण एक स्लाइड नव्हे, हे उघडच आहे. पण त्या दोन आकड्यांचे दोन स्तंभ कागदावर काढून बघा. चाचणीचा स्तंभ एक मिलिमीटर उंच धरला तर दुसरा ६४ सेंटिमीटर होतो. तो लॅपटॉपच्या पडद्यात मावतच नाही. असं चित्र समोर आलं असतं तर वरचा धीराचा मथळा लिहिताना कुणाचाही हात अडखळला असता.

दुसरी पायरी: वाक्याला शोभेल ते चित्र

पॉवरपॉइंटमध्ये ‘इन्सर्ट चार्ट’ दाबलं की दुकानात साड्यांचे गठ्ठे सोडावेत तसे चार्ट समोर पडतात. घाबरू नका, रोजच्या कामाला तीन पुरतात.

कोण मोठं, कोण लहान हे सांगायचं असेल तर बार. महिन्यामागून महिना काय झालं हे सांगायचं असेल तर लाइन. एका गोष्टीमुळे दुसरी बदलते का (टूल किती नग चालला आणि बोअर किती वाढला) हे बघायचं असेल तर ठिपक्यांचा स्कॅटर. अचूक आकडे हवे असतील, उदाहरणार्थ रेट किंवा टॉलरन्स (मापात चालणारा फरक), तर चार्ट नकोच. चार-पाच ओळींचा साधा तक्ता द्या.

पाय चार्टचं काय, हा प्रश्न येतोच. बार आणि पाय, दोन्ही एकाच माणसाने रूढ केले, स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने. बार १७८६ च्या पुस्तकात आणि पाय १८०१ च्या. त्यातलं थोरलं भावंड जास्त कामाचं निघालं असं माझं मत, आणि त्याला आधार आहे. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून तपासलं की माणसाचा डोळा कुठल्या प्रकारचं चित्र किती अचूक वाचतो. एकाच रेषेवरून मोजलेली उंची किंवा लांबी आपण सगळ्यात चांगली ओळखतो. कोन त्याहून कमी, क्षेत्रफळ आणखी कमी, रंगाची गडद-फिकट छटा तर फारच कमी. पाय म्हणजे कोन आणि क्षेत्रफळाचा खेळ. आपल्या उदाहरणातले थ्रेडचे ९२ आणि बरचे ५८ पायमध्ये जवळपास सारखेच दिसतात, बारमध्ये फरक लगेच कळतो. दोनच भाग असतील, ‘पाऊण माल एकाच कस्टमरला जातो’ असं काही, तर पाय खुशाल वापरा. सहा तुकडे आणि सहा रंग झाले की तो चार्ट राहत नाही, रंगपंचमी होते. थ्रीडी पाय तर काढूच नका. पुढे झुकलेला तुकडा आहे त्याहून मोठा दिसतो आणि कस्टमरच्या ते लक्षात आलं की तुमच्या बाकीच्या स्लाइडवरचाही विश्वास जातो.

क्वालिटीवाल्यांसाठी एक पुरवणी. पॅरेटो चार्टवर (कारणं मोठ्यापासून लहानाकडे लावलेला बार चार्ट) टक्केवारीची चढती रेष आणि उजवीकडे दुसरा अक्ष असतो. कस्टमरच्या फॉरमॅटमध्ये ती मागितली असेल तर द्या. नसेल तर उतरत्या क्रमाने लावलेले बार पुरतात, ७२ टक्के तुम्ही मथळ्यात सांगितलेच आहेत.

तिसरी पायरी: चार्ट सोलून काढणे

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. सॉफ्टवेअर जो चार्ट देतं तो कच्चा माल आहे, त्याचं मशीनिंग व्हायचं आहे. मी कसं करते ते ओळीने सांगते. समोर पॉवरपॉइंट उघडून सोबत करा.

आडवा बार चार्ट घ्या, उभा नको. ‘बोअर ओव्हरसाइझ’ हे शब्द उभ्या स्तंभाखाली तिरके होतात आणि वाचणाऱ्याची मान वाकडी होते. आडव्या बारला नाव डावीकडे सरळ बसतं.

आकडे भरा, मोठा वर. इथे एक गंमत होते: तुम्ही तक्त्यात ब्लो होल पहिलं लिहिता आणि चार्टमध्ये ते तळाला जातं. बिघाड नाही, आडवा बार खालून वर भरतो. नावांच्या अक्षावर राइट क्लिक, ‘फॉरमॅट ॲक्सिस’, आणि ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’ला टिक. झालं सरळ. ‘इतर’ मात्र कितीही मोठा असला तरी शेवटीच ठेवा. आणि तो खरंच मोठा असेल तर स्लाइड करणं थांबवा, आधी दोषांची वर्गवारी नीट करा.

आता काढायला लागा. ग्रिडलाइन्सवर क्लिक, डिलीट. लेजेंडवर (कुठला रंग कशाचा ते सांगणारी चौकट) क्लिक, डिलीट. एकच मालिका आहे, तिला ओळखपत्र कशाला? चार्टचं आपोआप आलेलं नाव, डिलीट; मथळा वर आहेच. प्रत्येक बारच्या टोकाला ‘डेटा लेबल्स’ने आकडा टाका आणि तो आला की खालचा आकड्यांचा अक्षही डिलीट करा. एकच आकडा दोनदा वाचायला लावू नका. मग बारवर राइट क्लिक करून ‘गॅप विड्थ’ ५० ते ६० टक्क्यांवर आणा. बार भरदार होतात, मधली पोकळी जाते.

शेवटी रंग. सगळे बार राखाडी करा. मग फक्त ब्लो होलच्या बारवर एकदा क्लिक करा, थांबा, पुन्हा एकदा क्लिक करा. दुसऱ्या क्लिकला तो एकटाच निवडला जातो. त्याला गडद निळा द्या, बोअरलाही तोच. बस. आता मथळ्यात ‘दोनच दोष’ म्हटलंय आणि खाली दोनच बार रंगीत आहेत. “मॅडम, यात मी बघायचं काय?” हे विचारायची वेळ कुणावर येत नाही.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. बारचा अक्ष शून्यापासूनच सुरू व्हायला हवा. २.४ टक्के आणि २.१ टक्के यांचे बार २.० पासून काढले तर एक दुसऱ्याच्या चौपट दिसतो. हा प्रकार कधी अजाणतेपणी होतो, कधी मुद्दाम. समोरच्याला फरक कळत नाही आणि तो मुद्दाम केलं असंच धरतो. लाइन चार्टला ही सक्ती नाही, कारण तिथे आपण लांबी बघत नाही, चढ-उतार बघतो.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या लिहिण्याची. २४१९२० असं पडद्यावर आलं की माणसं मनात शून्यं मोजायला लागतात. ‘२.४२ लाख’ लिहा. एक्सेलमध्येच लाखाने भागून घेतलेलं बरं. निर्यातीचा कस्टमर असेल तर मिलियन. पण एकाच पीपीटीत एका स्लाइडवर लाख, दुसरीवर मिलियन, तिसरीवर ‘हजारांत’ असं करू नका. आणि दशांश जपून वापरा: ७१.९६ टक्के लिहिल्याने तुम्ही जास्त अचूक ठरत नाही, फक्त वाचायला वेळ लागतो.

लाइन चार्टमध्ये जे घडलं ते रेषेवरच लिहा. सहा महिन्यांची रेष चौथ्या महिन्यात खाली आली असेल तर तिथेच छोट्या अक्षरात ‘नवं फिक्स्चर बसवलं’ अशी चिठ्ठी टाका (फिक्स्चर म्हणजे नग मशीनवर घट्ट धरून ठेवणारी पकड). खाली तारांकित टीप देऊन शोधाशोध करायला लावू नका.

कस्टमरचा ठरलेला फॉरमॅट असतो आणि त्यात एक चौकटही हलवायची सोय नसते, अशी तक्रार येते. खरी आहे. तरी मथळ्याखालची एक ओळ आणि बारचा रंग एवढं बहुतेक फॉरमॅटमध्ये आपल्या हातात असतं. तेवढं वापरा.

चौथी पायरी: फोटो

कारखान्यातल्या पीपीटीला फोटोसारखा साक्षीदार नाही, फक्त तो नीट काढलेला हवा. ब्लो होल दाखवायचं आहे ना, मग पूर्ण कास्टिंग, मागे ट्रॉली, कडेला कुणाचा बूट असा फोटो नको. भोकाजवळ जा. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा म्हणजे दोष दोन मिलिमीटरचा की आठचा ते कळेल. मोबाइलचा फ्लॅश मशीन केलेल्या पृष्ठभागावर चमकतो आणि नेमका दोषच पांढरा होऊन जातो. खिडकीजवळच्या उजेडात, थोड्या तिरक्या कोनातून काढा. स्लाइडवर आल्यावर दोषाभोवती एक वर्तुळ पुरे. तीन बाण, दोन चौकोन आणि ‘येथे पाहा’ ही पाटी नको.

कायझनच्या, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणेच्या, स्लाइडवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो लागतात. दोन्ही एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, मोबाइल तसाच आडवा धरून काढा. मी जमिनीवर चुन्याची खूण करून ठेवायचे. आधीचा फोटो अंधारात आणि नंतरचा ट्यूबलाइट लावून काढला, तर सुधारणा फिक्स्चरमुळे झाली की उजेडामुळे, ते बघणाऱ्याला कळत नाही. आणि सुधारणा करायच्या आधी फोटो काढायचा विसरलात, तर तो नाटक करून पुन्हा काढू नका. नव्हता म्हणून सांगा, जुन्या पद्धतीचं साधं रेखाचित्र काढा.

फोटो लहान-मोठा करताना कोपऱ्याला धरून ओढा. बाजूला धरलंत की गोल बोअर लंबगोल होतो, आणि क्वालिटीच्या माणसाने बोअर लंबगोल दाखवावा यासारखं हसं नाही. शॉप फ्लोअरवरून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याचा तपशील कमी होतो. उलट, थेट मोबाइलमधले वीस मोठे फोटो टाकले की फाइल इतकी फुगते की मेलमधून जात नाही. शेवटी एकदा ‘पिक्चर फॉरमॅट’मधलं ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ वापरून घ्या.

गूगलवर सापडलेला फोटो उचलून टाकायची सवय मोडा. इंटरनेटवर आहे म्हणजे फुकट आहे असं नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली फोटोवर हक्क असतो, आणि एजन्सीचा पुसट शिक्का मधोमध असलेला फोटो मीटिंगमध्ये दाखवणं म्हणजे चोरीचा माल पावतीसकट दाखवणं. अनस्प्लॅश, पेक्सेल्स किंवा विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या, अटी वाचून. पण खरं सांगायचं तर हेल्मेट घातलेल्या परदेशी माणसाच्या देखण्या फोटोपेक्षा तुमच्या शॉपमधला जरासा धूसर फोटो जास्त बोलतो. त्यात काम करणारी माणसं दिसत असतील तर त्यांना विचारून घ्या. मागच्या भिंतीवर दुसऱ्या कस्टमरचं ड्रॉइंग लटकत नाही ना, तेही बघा. ही चूक माझ्या एका सहकाऱ्याकडून झाली होती. पुढची पंधरा मिनिटं रिजेक्शनवर कुणी बोललंच नाही.

पाचवी पायरी: रंग

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर पहिल्यांदा आलं तेव्हा ते कृष्णधवल होतं, तरी लोकांचं भागत होतं. हे लक्षात ठेवून रंग निवडा: एक मुख्य, एक राखाडी, आणि गरज पडलीच तर धोक्यासाठी एक.

आपल्याकडे प्रत्येक रिव्ह्यूत लाल-पिवळ्या-हिरव्या गोळ्या असतात. अडचण अशी की लाल आणि हिरव्यातला फरक नीट न दिसणारी माणसं आपल्या कल्पनेपेक्षा जास्त आहेत. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण साधारण आठ टक्के धरतात. भारतात ते त्याहून कमी असलं तरी वीस-पंचवीस पुरुष बसलेल्या खोलीत असा एखादा असणं अशक्य नाही. तो सांगतही नाही, नुसता गप्प बसतो. म्हणून गोळीच्या आत खूण किंवा शब्द द्या: ‘वेळेत’, ‘उशीर’, ‘थांबलं’. तपासायला सोपी युक्ती: ‘व्ह्यू’मध्ये ‘ग्रेस्केल’ दाबा. काळ्या-पांढऱ्यातही स्लाइड कळत असेल तर रंगांचं काम बरोबर झालं.

पांढऱ्यावर पिवळी अक्षरं आणि फिकट राखाडी रेषा लॅपटॉपवर छान दिसतात. कॉन्फरन्स रूमच्या जुन्या प्रोजेक्टरवर त्या गायब होतात, विशेषतः पडदे ओढलेले नसतील तर.

सहावी पायरी: मराठी मजकूर

सभा गावात असेल, बचत गटापुढे किंवा कामगारांपुढे असेल, तर स्लाइड मराठीतच हवी, आणि देवनागरीची स्वतःची काही पथ्यं आहेत. मात्रा वर, उकार खाली, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. ‘लाइन स्पेसिंग’ १.२ च्या आसपास ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. २४ पॉइंटच्या खाली जाऊ नका.

फॉन्ट युनिकोडच घ्या. विंडोजमध्ये निर्मला यूआय असतो. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त फुकट मिळतो आणि पडद्यावर स्वच्छ दिसतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाइलमधून मजकूर चिकटवलात तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते, आणि हे कळतं नेमकं सभेत. निर्मलासारखा फॉन्ट विंडोजवर असतोच. बाहेरून आणलेला वापरला असेल तर ‘सेव्ह’च्या पर्यायांत ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ला टिक करा. आकडे देवनागरी की रोमन, एक काय ते ठरवा आणि चार्टमध्येही तेच ठेवा.

सातवी पायरी: ॲनिमेशन

एकच वापरा, ‘अपिअर’. तेही बोलताना एकेक बार आणायचा असेल तरच. गिरक्या घेत येणारा मथळा लग्नाच्या व्हिडिओत शोभतो.

आठवी पायरी: शेवटच्या खुर्चीत जाऊन बसा

हे प्रत्यक्ष खोलीत करता आलं तर उत्तम. रिव्ह्यूच्या आधी अर्धा तास जा, स्लाइड लावा, शेवटच्या खुर्चीत बसा आणि सगळ्यात लहान अक्षर वाचा. वाचता आलं नाही तर मोठं करा. मावत नसेल तर शब्द कमी करा किंवा दोन स्लाइड करा.

खोली आधी मिळणार नसेल तर घरी हिशोब करा. समजा खोलीतला पडदा चार फूट उंच आहे आणि शेवटची खुर्ची २८ फुटांवर, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या सात पट. पंधरा इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची साधारण साडेसात इंच; त्याच्या सात पट म्हणजे साडेबावन्न इंच, सव्वाचार फुटांच्या थोडं वर. स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा, टेबलापासून तेवढं मागे जाऊन उभे राहा. तुम्हाला जे दिसतं तेच शेवटच्या खुर्चीतल्या माणसाला दिसणार. चष्मा असेल तर घालून बघा आणि घरातल्या कुणाला तरी बोलवा, कारण मजकूर तुम्हाला पाठ असतो आणि न दिसणारं अक्षरही तुम्ही वाचता. माझी आई हे काम करायची. तिला ब्लो होल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण “वरचे दोन मोठे आहेत, त्याचं काहीतरी करा म्हणतेस ना?” एवढं ती म्हणाली की स्लाइड पास.

ऑनलाइन मीटिंगला उलटी तपासणी. स्लाइड स्वतःच्या मोबाइलवर उघडून हातभर अंतरावरून वाचा. निम्मी माणसं गाडीतून जोडलेली असतात.

खोलीत गेल्यावर लॅपटॉप जोडून विंडोज आणि ‘पी’ ही बटणं एकत्र दाबा, प्रोजेक्टरचे पर्याय येतात. पडदा जुन्या चौकोनी घाटाचा असेल तर रुंद स्लाइडच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतील आणि अक्षरं लहान होतील. आधी विचारून ठेवा. पेन ड्राइव्हवर पीडीएफ प्रत असू द्या. आणि बोलताना सगळ्यांचं लक्ष स्वतःकडे हवं असेल तर ‘बी’ दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबा, स्लाइड परत येते. मी हे फारसं कुणाला करताना बघितलं नाही, पण वाद सुरू झाला की याच्यासारखा उपाय नाही.

नववी पायरी: राखीव स्लाइड

त्या फजितीनंतरच्या महिन्यात मी तक्ता नेला नाही. एकच स्लाइड: वाक्य, सहा बार, दोन निळे. तेच क्वालिटी हेड, या वेळी पुढच्या रांगेत. पाच सेकंद बघितलं आणि विचारलं, “ब्लो होल सगळ्या मोल्डमधून येतात की एकाच?”

(मोल्ड म्हणजे कास्टिंग ओतायचा साचा.) हे उत्तरही माझ्याकडे नव्हतं. फरक एवढाच की या वेळी प्रश्न पडद्याबद्दल नव्हता, कास्टिंगबद्दल होता. तेव्हापासून प्रत्येक निळ्या बारमागे एक राखीव स्लाइड ठेवते: मोल्डवार, शिफ्टवार, मशीनवार. ‘धन्यवाद’च्या मागे, कुणी विचारलं तरच दाखवायची. स्लाइड शो चालू असताना आकडा टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या क्रमांकाच्या स्लाइडवर जाता येतं, मधल्या अकरा स्लाइड सरकवत बसावं लागत नाही. क्रमांकांची चिठ्ठी मी लॅपटॉपच्या कडेला चिकटवते: मोल्ड १४, शिफ्ट १५, मशीन १६.